जुन्या स्पोर्ट्स कारला टायर आणि चाकं कशी निवडावीत: मोजपट्टी, कणीक आणि थोडं गणित

माझ्याकडे १९६८ची एमजीबी रोडस्टर आहे, म्हणजे उघड्या टपाची ब्रिटिश स्पोर्ट्स कार, तारेच्या चाकांची. घरी आली तेव्हा तिला तीन वेगवेगळ्या मापांचे टायर होते आणि स्टेपनी पार गोटा झालेली. सोलापुरात या गाडीला कुठलं माप बसतं हे सांगणारं कुणी नव्हतं. एका दुकानात "१८५/६५ टाका, भारी दिसेल" असं सांगितलं आणि मी ते टाकले. आठवड्याभरातच जुळे सोलापूरच्या एका स्पीडब्रेकरवर, शेजारी मेव्हणा बसलेला असताना, मागच्या डाव्या चाकातून खर्रकन आवाज आला. उतरून पाहिलं तर मडगार्डच्या आतल्या कडेने नव्या टायरची साईडवॉल बोटभर लांब सोलली होती. खालचे धागे दिसत नव्हते, पण त्या टायरवर पुन्हा हायवेला जायचं धाडस झालं नाही.

त्यानंतर सहा महिने मी पुस्तकं चाळली, मोजमाप केलं, जुन्या मेकॅनिकांकडे बसलो. कुणी नव्याने अशी गाडी घेतली असेल तर त्याचा वेळ आणि पैसा वाचावा म्हणून हे सगळं क्रमाने लिहितोय. उदाहरणं एमजीबीची आहेत. तुमची गाडी ट्रायम्फ असो, फियाट असो की जुनी एमजी टीडी, पद्धत तीच.

आधी हे जवळ ठेवा: गाडीचं मूळ हँडबुक किंवा त्याची झेरॉक्स, स्टीलची मोजपट्टी, सरळ लाकडी पट्टी, व्हर्निअर, खडू, जॅक आणि दोन भक्कम स्टॅण्ड, हवेचा स्वतःचा गेज, आणि मूठभर मळलेली कणीक. कणकेचं काम पाचव्या पायरीत आहे.

१. गाडी मूळची कशी होती ते शोधा

पन्नास वर्षांत गाडीचे चार-पाच मालक झालेले असतात आणि प्रत्येकाने काहीतरी बदललेलं असतं. त्यामुळे "सध्या जे बसलंय तेच बरोबर" हे धरून चालू नका. हँडबुकात टायरचं माप, रिमचं माप आणि हवेचा दाब, तिन्ही दिलेलं असतं. माझ्या गाडीसाठी ५.६०-१४ हा साधा (नायलॉन) टायर आणि पर्याय म्हणून १५५ एसआर १४ रेडियल, असं लिहिलंय. याच गाडीच्या छपराच्या जीटी मॉडेलला १६५ एसआर १४ होते.

एमजीबीत आणखी एक गोष्ट बघावी लागते. तारेच्या चाकांच्या गाडीचा मागचा अॅक्सल साध्या डिस्कच्या, म्हणजे पत्र्याच्या चाकांच्या गाडीपेक्षा अरुंद असतो. कुणी मध्येच एक प्रकार काढून दुसरा बसवला असेल तर सगळी जागा बदलते. तुमच्याकडे कुठला अॅक्सल आहे हे कळल्याशिवाय नव्या चाकांची चौकशीही करू नका.

२. टायरवरची अक्षरं वाचायला शिका

१६५/८० आर १४ ८५टी, असं आजच्या टायरवर लिहिलेलं असतं. १६५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. ८० म्हणजे साईडवॉलची उंची त्या रुंदीच्या ८० टक्के. आर म्हणजे रेडियल, १४ म्हणजे रिमचा व्यास इंचात. ८५ हा भाराचा आकडा, एका टायरला ५१५ किलो. टी म्हणजे ताशी १९० किलोमीटरपर्यंत.

जुन्या रेडियलवर मधला आकडाच नसतो. १६५ एसआर १४ एवढंच लिहिलेलं असेल तर साईडवॉल ८० ते ८२ टक्के धरायची. एस म्हणजे १८० किलोमीटरची मर्यादा. त्याहून जुन्या टायरवर सगळंच इंचात: ५.६०-१४ म्हणजे ५.६० इंच रुंद आणि १४ इंची रिम. हे आपल्याकडे ज्याला नायलॉन टायर म्हणतात त्या जातीचे. त्यांची साईडवॉल रेडियलपेक्षा उंच असते, म्हणून इंचाचं मिलिमीटर करून तेवढ्याच रुंदीचा रेडियल घेतला की उंची चुकते.

इथला पहिला सापळा असा की दुकानदार फक्त शेवटचा आकडा ऐकतो. "चौदाचा टायर" म्हटलं की पद्मिनीचा ५.२०-१४ समोर येतो. एमजी टीडीला १५ इंची ५.५०-१५ लागतो, तर तिथे अँबॅसिडरचा ५.९०-१५ दाखवतात. दोन्ही रिमवर चढतील, पण ते तुमच्या गाडीचं माप नाही.

३. उंचीचं गणित कागदावर करा

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा आकडा म्हणजे टायरची पूर्ण उंची, रुंदी नव्हे. गाडीचं गिअरिंग, स्पीडोमीटर, जमिनीपासूनची उंची, मडगार्डमधली जागा, सगळं त्यावर बेतलेलं असतं.

हिशोब सोपा आहे. रिमचा इंच गुणिले २५.४. त्यात साईडवॉलची दुप्पट मिळवायची. १६५/८० आर १४ घेऊ. १४ गुणिले २५.४ म्हणजे ३५५.६. साईडवॉल १६५ चे ८० टक्के, १३२. दुप्पट २६४. एकूण ६२० मिलिमीटर.

आता याच पद्धतीने बाकीचे:

१८५/७० आर १४: ६१५ मिलिमीटर
१७५/७० आर १४: ६०१ मिलिमीटर
१८५/६५ आर १४: ५९६ मिलिमीटर
१९५/६० आर १५: ६१५ मिलिमीटर

मी पहिल्यांदा घेतला तो चौथा. ६२०च्या तुलनेत जवळपास चार टक्क्यांनी बुटका. म्हणजे काटा १०० दाखवतो तेव्हा गाडी खरी ९६ने जाते. शिवाय ओव्हरड्राइव्ह (इंजिनाचे फेरे कमी करणारा जास्तीचा गिअर) नसेल तर चौथ्या गिअरमध्ये ताशी १०० ला हे इंजिन आधीच साडेतीन हजारांच्या आसपास फिरतं, ते बुटक्या टायरवर छत्तीसशेला जातं. पुणे रोडला टेंभुर्णीपर्यंत गेलात तरी हा फरक कानाला जाणवतो.

मूळ उंचीपासून दोन-अडीच टक्क्यांच्या आत राहा. मी तरी त्याच्या पलीकडे जाणार नाही.

कागदावरची उंची खरी आहे का हे तपासायचं असेल तर सध्याच्या टायरवर आणि फरशीवर एकासमोर एक खडूची खूण करा. गाडी सरळ ढकलून चाकाचा एक पूर्ण फेरा करा आणि दोन खुणांमधलं अंतर मोजा. १६५/८० आर १४ ला हे साधारण १ मीटर ८९ सेंटिमीटर येतं. कागदावरच्या परिघापेक्षा हे थोडं कमीच भरणार, कारण वजनाखाली टायर दबतो.

४. चाक: रुंदी, पीसीडी, ऑफसेट

टायर घेण्याआधी रिमची रुंदी मोजा. बाहेरच्या काठापासून काठापर्यंत नाही, आतमध्ये जिथे टायरचा बीड, म्हणजे रिमला धरणारी कडा बसते तिथून तिथपर्यंत. माझी तारेची रिम साडेचार इंची आहे. १६५/८० ला ती आरामात चालते. १८५/७० ला ती खालची मर्यादा आहे. १८५/६५ ला किमान ५ इंची रिम लागते, म्हणजे मला विकलेला टायर मुळात त्या रिमचा नव्हताच. अरुंद रिमवर रुंद टायर चढवला की तो मध्ये फुगतो, मधोमध झिजतो आणि वळणावर डुलतो.

डिस्क किंवा अलॉय बदलणार असाल तर पीसीडी तपासा, म्हणजे नटांची भोकं ज्या वर्तुळावर आहेत त्याचा व्यास. चार भोकांच्या चाकात समोरासमोरच्या दोन भोकांच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजलं की झालं. पाच भोकांच्या चाकात शेजारच्या दोन भोकांमधलं अंतर मोजून १.७ ने गुणायचं. डिस्कच्या एमजीबीचा पीसीडी ११४.३ मिलिमीटर. फियाटवाल्यांनी इथे फार जपावं. त्यांचा ९८ आहे आणि बाजारात १०० च्या अलॉयचा सुकाळ आहे. दोन मिलिमीटरचा फरक डोळ्यांना दिसत नाही, नट पाना लावून ओढले की बसतातही. पण ते वाकडे बसलेले असतात, चाक मध्यावर नसतं आणि नट पुढे सैल होतात. "बसतंय की" या शब्दावर चाक विकत घेऊ नका.

चाकाचं मधलं भोकही हबला, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागाला, जुळलं पाहिजे. भोक मोठं असेल तर नेमक्या मापाची रिंग करून घ्या. लेथवाला अर्ध्या तासात करून देतो.

राहिला ऑफसेट, म्हणजे हबला टेकणारा पृष्ठभाग रिमच्या मध्यापासून किती सरकलेला आहे ते अंतर. चाक जमिनीवर पालथं घाला, मागच्या काठावर लाकडी पट्टी आडवी ठेवा आणि तिथपासून हबला टेकणाऱ्या पृष्ठभागापर्यंत मोजा. त्यातून रिमच्या बाहेरून मोजलेल्या पूर्ण रुंदीचा अर्धा भाग वजा करा. उदाहरणार्थ मागून १०७ मिलिमीटर आलं आणि पूर्ण रुंदी १६५ असेल तर १०७ वजा ८२.५, म्हणजे ऑफसेट साधारण २४ ते २५. जुन्या आणि नव्या चाकाच्या ऑफसेटमध्ये जेवढा फरक, तेवढं चाक आत किंवा बाहेर जाणार. बाहेर आलेलं चाक रुबाबदार दिसतं, पण बेअरिंगवर ताण येतो आणि पॉवर नसलेलं स्टिअरिंग आणखी जड होतं. स्पेसर (हब आणि चाकामध्ये घालायची चकती) लावून जागा काढणं मला पटत नाही. चाक चुकीचं असेल तर चाक बदला.

५. मडगार्डमधली जागा कणकेने मोजा

ही युक्ती मला एका म्हाताऱ्या मेकॅनिकने दाखवली. गाडी स्टॅण्डवर घ्या, चाक काढा. मडगार्डच्या आतल्या कडेला, वरच्या बाजूला, घट्ट मळलेल्या कणकेच्या लिंबाएवढ्या पाच-सहा गोळ्या चिकटवा. ज्वारीचं पीठ चालत नाही, त्याला चिकटपणा नाही, वाळलं की गळून पडतं. चाक परत लावा, गाडी खाली घ्या, दोन माणसं आणि मागे तांदळाचं एक पोतं ठेवा आणि गल्लीत दोन-तीन स्पीडब्रेकर हळू ओलांडा. परत येऊन चाक काढा. कणकेवर टायरचा ठसा उमटला असेल तर राहिलेली जाडी व्हर्निअरने मोजा. ती तुमची खरी जागा.

डावी आणि उजवी बाजू वेगवेगळी मोजाच. या गाड्यांत मागचा अॅक्सल बॉडीच्या नेमका मध्यावर असेलच असं नाही. माझ्याकडे उजवीकडे कणीक शाबूत होती आणि डावीकडे ४ मिलिमीटर उरली होती, तीही अरुंद टायरवर. हे आधी केलं असतं तर तो सोललेला टायर मी विकतच घेतला नसता.

पुढच्या चाकांना स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघा. ब्रेकचा कॅलिपर आणि रिम यांच्यात बोट फिरायला हवं.

६. रेडियल की नायलॉन

चालवण्यासाठी रेडियल. प्रदर्शनात ठेवायची, अगदी जुनी, मूळ रूपात राखायची गाडी असेल तर नायलॉन. मात्र दोन्हींची सरमिसळ करू नका. एका अॅक्सलवर एक रेडियल आणि एक नायलॉन तर कधीच नाही. पुढे रेडियल आणि मागे नायलॉन हा प्रकार त्याहून वाईट, वळणावर गाडीचा मागचा भाग अचानक सुटतो. स्टेपनीही बाकीच्या चारांसारखीच ठेवा. पंक्चर झाल्यावर ती कुठल्या अॅक्सलला लावावी लागेल हे आधी कुणाला माहीत असतं?

पिरेली आणि मिशलिन जुन्या नक्षीचे टायर जुन्या गाड्यांसाठी आजही काढतात आणि ते देखणे असतात. पण जून २०२० पासून नव्या टायरच्या आयातीवर सरकारने निर्बंध घातले आहेत, परवान्याशिवाय ते येत नाहीत. परदेशातून मागवून देतो म्हणणाऱ्याला आगाऊ पैसे देण्याआधी कागद मागा.

१४ इंची रिमवाल्यांचं नशीब चांगलं आहे. १६५/८० आर १४ हे स्विफ्ट आणि डिझायरच्या खालच्या व्हेरियंटचं माप आहे, त्यामुळे ते सोलापुरात सहज आणि ताजं मिळतं. मी शेवटी तेच घेतलं. दिसायला साधं आहे, पण स्टिअरिंग हलकं झालं आणि तुळजापूरच्या घाटात गाडी काय करतेय हे हाताला कळू लागलं. साडेपाच इंची रिम असेल आणि मोजमापात जागा निघाली, तर १८५/७० घ्यायला हरकत नाही. त्यापेक्षा रुंद टायरची या गाडीला गरज नाही.

७. दुकानात काय बघायचं

साईडवॉलवर लंबवर्तुळात शेवटी चार अंक असतात. ३५२४ म्हणजे २०२४ सालचा ३५वा आठवडा. वर्षाच्या आतला टायर मागा. आपल्या गाड्या वर्षाला हजार-दोन हजार किलोमीटर फिरतात, म्हणजे ग्रीप झिजायच्या आधी रबर म्हातारं होतं. आणि सोलापूरच्या उन्हात पत्र्याच्या शेडखाली दोन उन्हाळे काढलेला टायर नवा दिसतो, पण नवा नसतो. नखाने साईडवॉल दाबून वाकवा, बारीक भेगा दिसल्या तर परत द्या.

आयएसआयचा शिक्का पाहिजेच. पाचही टायर एकाच कंपनीचे, एकाच नक्षीचे घ्या. बिलावर माप आणि टायरचे नंबर लिहून घ्या, वॉरंटीच्या वेळी ते लागतात.

८. तारेची चाकं असतील तर

आधी चाक तपासा, मग टायर चढवा. प्रत्येक तारेवर पान्याने हलकी टिचकी मारा. ताणलेली तार खणखणते, सैल तार बद्द वाजते. चाक जॅकवर फिरवा आणि रिमजवळ पेन्सिल धरून आऊट किती आहे, म्हणजे रिम किती डुलते, ते बघा. दीड-दोन मिलिमीटरपर्यंत चालतं. त्याहून जास्त असेल तर आऊट काढून घ्या. बुलेटची चाकं बांधणारे जुने कारागीर हे काम करू शकतात, मात्र रिमचं मूळ माप आणि ऑफसेट त्यांना कागदावर लिहून द्या.

हबच्या खाचा बघायला विसरू नका. कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा आणि चाक पुढेमागे हलवा. टक् असा आवाज आला तर खाचा झिजल्यात. त्यांची टोकं सुरीसारखी झाली असतील तर हब आणि चाक दोन्ही बदलायची. झिजलेल्या हबवर नवं चाक लावलं तर तेही लवकर खराब होतं.

या रिममधून तारांची टोकं आत येतात, म्हणून ट्यूब लागते. तारांची टोकं कानशीने सपाट करा, वरून रबरी पट्टा बसवा आणि ट्यूब रेडियलचीच, त्याच मापाची घ्या. टायरच्या आत चिकटवलेले कागदी स्टिकर सोलून काढायला सांगा. साधी गोष्ट वाटते, पण त्या कागदाच्या कडेने ट्यूब घासून पंक्चर होते. बॅलन्सिंग करताना चाक मशीनवर दोन्ही बाजूंच्या कोनवर नीट मध्यावर बसलंय ना, हे उभं राहून बघा. नाहीतर लावलेली वजनं निरुपयोगी.

मधला मोठा नट सोडताना गाडीच्या डाव्या बाजूचा घड्याळाच्या उलट, उजव्या बाजूचा घड्याळाप्रमाणे फिरतो. हब कुणी उलटसुलट लावले असतील तर नट चालता चालता सैल होतो, म्हणून दोन्ही बाजू तपासा. तांब्याचा हातोडा वापरा, लोखंडाचा नको. खाचांना ग्रीस लावायला विसरू नका.

९. कागदपत्रं

आरसी, विमा आणि टायरचं बिल एका फाइलमध्ये ठेवा. एमएच-१३ची साधी आरसी असेल तर नूतनीकरणाच्या वेळी फॉर्म २५ सोबत गाडीची तपासणी होते आणि त्यात टायर बघतात. ग्रीपच्या खोबणीत झिजेची खूण असते, उरलेली ग्रीप १.६ मिलिमीटर झाली की ती समपातळीत येते. त्याआधीच टायर बदला.

गाडी पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात असेल तर जुलै २०२१च्या नियमांप्रमाणे व्हिंटेज नोंदणी घेता येते. त्यासाठी फॉर्म २०, विम्याचा कागद, जुनी आरसी, आणि आयात गाडी असेल तर बिल ऑफ एंट्री (आयातीचा कस्टम्सचा कागद) लागतं. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, नंबरात व्हीए ही अक्षरं येतात. पण ही गाडी मग रोज रस्त्यावर काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल आणि दुरुस्तीसाठीच ती बाहेर काढायची. या वाटेने जाणार असाल तर मडगार्ड कापून रुंद टायर बसवण्याचा विचारही करू नका. मूळ रूप हीच तिथली अट आहे.

१०. हवा आणि पहिले शंभर किलोमीटर

पंपावरचा पोरगा सवयीने तीस-पस्तीस भरतो. एमजीबीच्या हँडबुकात रेडियलसाठी पुढे २१ आणि मागे २४ पीएसआय दिलंय. मी आजच्या टायरवर पुढे २४, मागे २६ ठेवतो. पस्तीसवर ही हलकी गाडी उड्या मारते आणि पकड सोडते.

हवा सकाळी, गाडी हलवण्याआधी मोजा. मे महिन्यात चाळिशीच्या वर पारा असताना हायवेवर तासभर चालवली की चार-पाच पीएसआय वाढतात. ते पाहून हवा सोडू नका, संध्याकाळी टायर थंड झाला की तो कमी हवेवर उभा असेल.

टायर बदलल्यावर अलाइनमेंट करा. पहिले शंभर किलोमीटर जपून चालवा. मी अक्कलकोटला जाऊन आलो, साधारण ऐंशी किलोमीटर झाले. परत आल्यावर दारातच चारही नट हातोड्याने तपासले. मागचा डावा पाव फेरा घट्ट झाला. मग पाचव्या पायरीसारखी पुन्हा कणीक लावली आणि तांदळाचं पोतं मागे टाकून तोच स्पीडब्रेकर ओलांडला. या वेळी गोळ्यांवर ठसा नव्हता.